गावच्या घरी कार्यक्रम रेकॉर्ड करायचे आहेत, कोणता डिश बॉक्स घ्यावा?

कातळकडा | ८ जून २०२५, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी,

आईबाबा राजापूर तालुक्यात गावच्या घरी असतात, मी ठाण्याला. बाबांचं वय ७८. टीव्हीवर त्यांना मोजकंच बघायचं असतं. सह्याद्रीवरचं कीर्तन, नाट्यसंगीत, शेतीचे कार्यक्रम. पण हे सगळं लागतं तेव्हा ते एकतर देवळात असतात, नाहीतर आडवे झालेले असतात. आषाढीची पंढरपूरची महापूजा तर पहाटे अडीचच्या सुमाराला. दरवर्षी ती बघायला उठून बसतात आणि दोन दिवस रक्तदाब वर. यंदा डॉक्टरांनी जागरणाला सक्त मनाई केली आहे. एकादशी ६ जुलैला आहे, म्हणजे हातात चार आठवडे.

दुसरं कारणही सांगतो. आमच्याकडे पूर्वी एका डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स होता. त्यात माझ्या आत्याच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम साठवलेला होता. आत्या दुसऱ्या रांगेत टाळ घेऊन बसलेली, आणि एका अभंगाची दोन कडवी तिने एकटीने म्हटलेली. बॉक्स बिघडला, माणूस आला, नवा बसवून जुना घेऊन गेला. आतल्या रेकॉर्डिंगचं काय, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नाही. आठ महिन्यांनी आत्या गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

म्हणून माझी अट एकच. रेकॉर्ड झालेली फाइल माझ्या हातात आली पाहिजे. लॅपटॉपवर उघडली पाहिजे, दुसऱ्या डिस्कवर उतरवता आली पाहिजे. बाकी चित्र थोडं उन्नीस-बीस चालेल. कोणता बॉक्स घेऊ?

पाऊलवाट | ८ जून, रात्री १०.१५

एवढा खटाटोप कशाला? दूरदर्शनचं बरंच काही यूट्यूबवर असतं. शिवाय प्रसारभारतीचं वेव्ज ॲप आहे की, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. बाबांना एक टॅब घेऊन द्या, हवं तेव्हा बघतील.

कातळकडा | ८ जून, रात्री १०.३१

वाडी दरीत आहे. फोन लावायचा तर सड्यावर चढून जावं लागतं. पावसात तेही नाही. ॲपचा विचार माझ्याही मनात आधी आला होता, पण तिथे आभाळातून येतं तेवढंच पोचतं.

तारजोडणी | ९ जून, सकाळी ७.०५

कातळकडा, आत्यांचं वाचून वाईट वाटलं. मी कोल्हापुरात डिशच्या छत्र्या बसवतो, वीस वर्षं झाली. अशी रेकॉर्डिंग गेलेली घरं पुष्कळ पाहिली. ते का होतं ते आधी सांगतो.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूपबंद होऊन उतरतं आणि किल्ली त्याच बॉक्सच्या पोटात असते. डिस्क काढून लॅपटॉपला लावली तरी काही दिसत नाही. त्याच कंपनीचा तसाच दुसरा बॉक्स आणला तरी चालत नाही. २००८ साली टाटा स्काय प्लस आला तेव्हा एक कार्यक्रम बघत दुसरा रेकॉर्ड करता येतो याचं आम्हा बसवणाऱ्यांनाच अप्रूप होतं. त्यासाठी छतावरून दोन-दोन केबली ओढायचो. सोय म्हणून ती उत्तमच. पण साठवलेलं सगळं त्या बॉक्सचं, घराचं नव्हे.

तुम्हाला हव्या त्या वाहिन्या दूरदर्शनच्या, तेव्हा डीडी फ्री डिश घ्या. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झाली ती हीच सेवा. दरमहा काही भरायचं नाही. सह्याद्री त्यावर खुली येते, त्यामुळे बॉक्स ती आहे तशी पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर उतरवतो. आहे तशी म्हणजे अक्षरशः. उपग्रहाकडून जो प्रवाह येतो त्याचीच फाइल होते, पुन्हा दाबून लहान केली जात नाही. म्हणून रेकॉर्डिंग आणि थेट चित्र यांत फरक पडत नाही.

आता बॉक्स निवडताना. खोक्यावर यूएसबी लिहिलेलं बघून घेऊ नका. कित्येक बॉक्स पेनड्राइव्हवरची गाणी नि फोटो दाखवतात, रेकॉर्ड करत नाहीत. काही रेकॉर्ड करतात पण ते त्याच बॉक्सवर चालतं, म्हणजे तुमच्या बाबतीत पुन्हा तेच. दुकानात जाताना पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्ही न्या. दुकानदाराला सांगा, सह्याद्री लावा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मग पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. आवाज आणि चित्र नीट आलं, फाइल पुढे-मागे सरकली, की तो बॉक्स तुमचा. जो दुकानदार हे करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग दोनशे रुपये स्वस्त का असेना.

आणि एमपेग-४ चालणाराच घ्या, चित्र दाबून पाठवायची ती नवी पद्धत. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये आहेत आणि काही एमपेग-४ मध्ये. साधा जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवतच नाही. आज तुमचं काम जुन्यावर होईलही, पण वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि यादी बदलत राहते. बदल झाला की पुन्हा स्कॅन करायचं, हे बाबांना शिकवून ठेवा.

अनुस्कुरा | ९ जून, सकाळी ११.२०

तारजोडणींशी सहमत, पण माझं मत थोडं वेगळं आहे. खरोखर जपून ठेवायचं असेल तर बॉक्सच्या भानगडीत न पडता जुना संगणक घ्या, त्यात उपग्रहाचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस२ कार्ड बसवा आणि टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. माझ्याकडे टीबीएस कंपनीचं कार्ड सहा वर्षं चालू आहे. एका ट्रान्सपॉन्डरवरच्या, म्हणजे उपग्रहावरून एकाच वाटेने एकत्र येणाऱ्या, चार वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड करतो. 'दर सोमवारी अमुक वाजता' असं एकदा सांगितलं की झालं. फायलींना तारीख-वार आपोआप लागतो. बॉक्समध्ये हे सुख नाही.

कातळकडा | ९ जून, दुपारी १.०२

अनुस्कुरा, वाचून मोह झाला. पण मी तिथे महिन्यातून एकदा जातो. अधेमधे संगणक अडला तर बाबा काय करणार? त्यांच्या हातात रिमोट हवा आणि त्यावरची चारच बटणं.

अनुस्कुरा | ९ जून, दुपारी १.१८

बरोबर आहे. माझ्या घरी अडलं तर दुरुस्त करायला मी असतो, हे लक्षातच घेतलं नव्हतं. मग बॉक्सच घ्या. एक ट्यूनर, म्हणजे बॉक्समधला सिग्नल पकडणारा एकच भाग, पुरेल का ते मात्र पाहा. एका ट्यूनरच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी वाहिनी बघता येते ती फक्त त्याच ट्रान्सपॉन्डरवरची. दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवरची लावायला गेलात तर तो रेकॉर्डिंग बंद करू का म्हणून विचारतो. त्या प्रश्नाला वडील माणसं घाबरून 'होय' दाबतात.

शेवंती | ९ जून, दुपारी ३.४०

हाच अनुभव माझ्या सासूबाईंचा. त्यावर उपाय म्हणून आम्ही रेकॉर्डिंगचा बॉक्स वेगळा आणि बघण्याचा वेगळा ठेवला. एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल घेणारा डबा, दोन तोंडांचा घेतला, दोन केबली आणल्या. हजार-दीड हजारात दुसरा बॉक्स येतो. दोन ट्यूनरच्या महागड्या बॉक्सपेक्षा हे सोपं पडलं, आणि एक बिघडला तर दुसरा असतो.

मी नाशिकला असते. १९९० पासून रेकॉर्ड करते आहे, आधी व्हिडिओ कॅसेटवर. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये मैफल बसवायची म्हणजे मधल्या बातम्या आल्या की धावत जाऊन थांबवायचं. २०११ पासून सगळं डिस्कवर आहे. भजन, कीर्तन, नाट्यसंगीत, संगीत सभा. फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बाबांना नाट्यसंगीत आवडतं तर बॉक्स रेडिओही रेकॉर्ड करतो का, ते दुकानातच बघून घ्या. काही करतात, काही नाही. आवाजाचीच फाइल, त्यामुळे जागा अगदी थोडी लागते.

एक विचारू? तुमच्या आत्यांचा कार्यक्रम साधारण कधी लागला होता?

कातळकडा | ९ जून, संध्याकाळी ६.५५

शेवंतीताई, २०१६ चा श्रावण. तारीख आठवत नाही. सह्याद्रीवरच, सकाळच्या वेळी.

नेकारकाठ | १० जून, पहाटे २.१०

जर्मनीत स्टुटगार्टला असतो, इथे रात्र नुकती सुरू होते आहे. इकडचा अनुभव लिहितो, कारण तारजोडणींच्या एमपेग-४ च्या सल्ल्याला तो पुष्टी देतो.

इथे ॲस्ट्रा उपग्रहांवरून, १९.२ अंश पूर्वेकडून, सार्वजनिक वाहिन्या खुल्या येतात आणि लोक त्या सर्रास रेकॉर्ड करतात. एआरडी या सार्वजनिक वाहिनीसमूहाने ७ जानेवारी २०२५ ला उपग्रहावरचं साधं एसडी प्रक्षेपण थांबवलं. त्या दिवशी आमच्या शेजारच्या आजींचा चांगला चालता बॉक्स एआरडीच्या वाहिन्यांपुरता निरुपयोगी झाला, कारण तो एचडी जाणत नव्हता. तेव्हा आज जे लागतं त्याच्या एक पायरी पुढचं घ्या.

खाजगी वाहिन्यांचं एचडी मात्र इथेही पैसे भरून, आणि त्यात रेकॉर्डिंगवर बंधनं असतात. कुलपाची गोष्ट आपल्याकडचीच आहे असं नाही.

माझ्याकडे एनिग्मा-२ या सॉफ्टवेअरवर चालणारा लिनक्सचा बॉक्स आहे. एका कार्यक्रमामागे टीएस फाइल, म्हणजे मूळ प्रवाहाची फाइल, आणि तिच्याबरोबर चार-पाच बारक्या फायली बनतात, त्यांत कार्यक्रमाचं नाव, वेळ, कुठे कापायचं याच्या खुणा. प्रत काढताना त्या बारक्या फायलीही घ्यायच्या, नाहीतर पाच वर्षांनी 'हे काय आहे' म्हणून प्रत्येक फाइल उघडून बघावी लागते. भारतात असले बॉक्स आयात करून महाग पडतात, तुमच्या कामाला गरज नाही. पण फाइलला लगेच नीट नाव देण्याची सवय लावून घ्या. ती फुकट आहे.

शेवंती | १० जून, सकाळी ९.३०

नावांचं म्हणालात ते अगदी खरं. माझ्या २०१८ आधीच्या फायलींना बॉक्सने दिलेलं वाहिनीचं नाव आणि आकडा एवढंच आहे. त्यातले काही आकडेही चुकलेले, कारण बॉक्सचं घड्याळच चुकीचं होतं. आज त्याचा फार पश्चात्ताप होतो.

कातळकडा | १५ जून, रात्री ८.२०

बॉक्स घेतला. रत्नागिरीला तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी रेकॉर्डिंग करून दाखवायला नकार. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतःचा पेनड्राइव्ह काढला, दहा मिनिटांऐवजी अर्धा तास रेकॉर्ड करू दिलं आणि चहाही दिला. फाइल लॅपटॉपवर उघडली. तारजोडणी, तुमचे आभार कसे मानू.

आता साठवणीचा प्रश्न. घरात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे आणि जुनी १ टीबीची डिस्क. कोणतं लावू? आणि छत्री गंजली आहे, पावसाळा तोंडावर आहे.

अनुस्कुरा | १५ जून, रात्री ९.०५

हिशोब सोपा आहे. एसडी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिट धरली तर तासाला ३ × ३६०० ÷ ८, म्हणजे १३५० मेगाबाइट. ३२ जीबीत वीस-बावीस तास बसतील, १ टीबीत सातशेच्या वर. एचडी वाहिनीला याच्या दुप्पट-तिप्पट जागा धरा.

पेनड्राइव्ह रोजच्या कामाला चालेल, पण स्वस्तातला नको. सलग लिहीत राहिलं की तो तापतो, वेग पडतो आणि मधेमधे चित्र तुटतं. बॉक्सच्या मेनूत टाइमशिफ्ट, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय, असेल तर ते बंद करा. ते चालू असलं की टीव्ही लावल्यापासून बॉक्स अखंड लिहीत बसतो, मग पेनड्राइव्ह काय आणि डिस्क काय, दोन्ही लवकर झिजतात.

डिस्क लावणार असाल तर विजेकडे बघा. यूएसबी २ च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळतात. लॅपटॉपची लहान डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. मग ती टकटक करते, दिसते आणि नाहीशी होते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावा, त्रास संपतो. आणि डिस्क फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. चांगला बॉक्स आपणहून तुकडे करतो, वाईट बॉक्स तिथेच थांबतो. अडीच तासांच्या पूजेला अडचण येऊ नये, पण बॉक्स एनटीएफएस फॉरमॅट घेत असेल तर तेच करा.

तारजोडणी | १५ जून, रात्री १०.१२

छत्रीचं माझ्याकडून. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्वेला. तुमच्या राजापुरातून तो आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकून, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर आहे. इतका वर असल्याने डोंगराचा अडथळा सहसा येत नाही, माडाचा येतो. छत्रीपेक्षा १० मीटर उंच माड त्या दिशेला ६ मीटरच्या आत असेल तर झावळ्या आड येणार. उन्हाळ्यात कोरड्या झावळीतून भागतं, पावसात ओल्या झावळीने चित्र जातं, आणि लोक बॉक्सला नावं ठेवतात.

हा कू-बँड आहे, म्हणजे पावसात क्षीण होणाऱ्या लहरी, त्यामुळे जोराच्या सरीत सिग्नल पडणारच. पण किती पडल्यावर चित्र जातं, ते तुमच्या हातात आहे. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची छत्री लावली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, साडेतीन डेसिबल जादा मिळतात. कोकणात रेकॉर्डिंगसाठी मी दुसरा विचारच करणार नाही. बसल्या बसल्या बघणारा माणूस सर ओसरेपर्यंत थांबतो. रेकॉर्डिंगमध्ये गेलेलं ते गेलंच.

खाऱ्या वाऱ्याने एलएनबीचं कनेक्टर सडतं. नवं लावा, चांगली आरजी-६ केबल घ्या, जोडावर रबरी टोपी आणि त्यावर जलरोधक टेप. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, केबलीवरून आत येणार नाही.

मार्चच्या मध्याच्या सुमाराला आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा काही मिनिटं चित्र जातं. छत्री फिरली असं समजून बाबांनी कोणाला वर चढवू नये, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

आणि विजा कडकडायला लागल्या की केबल काढून ठेवायची. कितीही मोलाचं रेकॉर्डिंग चालू असो.

न्यायपथ | १६ जून, दुपारी १२.४५

कायद्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हा भंग मानलेला नाही. बाबांनी सकाळी बघावं म्हणून पहाटेचा कार्यक्रम घरी उतरवणं या भावनेत बसतं. तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवणं, पेनड्राइव्हवर भरून विकणं किंवा गावात पडदा लावून तिकिटाने दाखवणं बसत नाही. इतकी रेषा सगळ्यांनी सांभाळावी.

कातळकडा | २३ जून, रात्री ९.५०

शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. ९० ची छत्री आग्नेयेला बसली, माड वाचले. डिस्क हबवर लावली, आवाज न करता चालते आहे.

दोन चाचण्या केल्या, दोन्ही फसल्या. पहिल्या रात्री पहाटे तीनचा टायमर लावला, सकाळी डिस्क रिकामी. शोध घेतला तेव्हा कळलं की बाबा निजताना घरातली सगळी बटणं बंद करतात. चाळीस वर्षांची सवय. बॉक्सचंही बटण बंद. रिमोटने बंद केलेला बॉक्स टायमरला उठतो, भिंतीवरचं बटण बंद केलं तर कुठून उठणार? आईने त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर 'पांडुरंग' लिहिलं. आता बाबा त्याला हात लावणार नाहीत.

दुसऱ्या रात्री रेकॉर्डिंग झालं, पण कार्यक्रम अर्ध्यातून सुरू. बॉक्सचं घड्याळ अर्धा तास मागे होतं. मेनूत ग्रीनिच वेळेपुढे पाच तास लावलेले होते, साडेपाच करायचे राहिले होते. उन्हाळी वेळ नावाचाही एक पर्याय होता, तो बंद केला.

लाइट गेली तर काय करायचं? आमच्याकडे आषाढात रोज जाते.

तारजोडणी | २३ जून, रात्री १०.३०

बॉक्सच्या अडॅप्टरवर बघा. १२ व्होल्ट लिहिलं असेल तर राउटरला लावतात तो छोटा यूपीएस चालतो. आधी त्याचे अँपिअर आणि पिनचा आकार जुळवून घ्या. पण तुमचा हबही विजेवर आहे. बॉक्स जागा राहून डिस्क झोपली तर उपयोग नाही. तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पॉइंटवर तिन्ही गोष्टी घ्या, बॉक्स, हब आणि बॉक्सशी निगडित जे काही असेल ते. टीव्ही नाही घेतला तरी चालतो. एकदा मुद्दाम मेन बंद करून बघा की रेकॉर्डिंग चालू राहतं का. लाइट मधेच गेली तर शेवटची फाइल अर्धवट राहते, कधी उघडतही नाही.

आणि टायमर पूजेच्या वेळेआधी अर्धा तास सुरू करा, नंतर तासभर जास्त ठेवा. थेट प्रक्षेपण घड्याळाप्रमाणे संपत नाही. पडद्यावरच्या कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका, वेळ हाताने घाला.

शेवंती | २९ जून, सकाळी १०.१०

कातळकडा, मी जुन्या डिस्क काढल्या आहेत. २०१६ च्या जुलै ते सप्टेंबरमधल्या सह्याद्रीच्या ६४ फायली आहेत. भजनाच्या कोणत्या हे नावावरून कळत नाही, एकेक उघडते आहे. सकाळी पूजा झाल्यावर दोन-तीन बघून होतात. घाई करू नका, पण आशाही फार धरू नका. रोज रेकॉर्ड करत नव्हते.

कातळकडा | २९ जून, सकाळी १०.२६

ताई, तुम्ही शोधता आहात हेच खूप आहे.

कातळकडा | ७ जुलै, रात्री ८.४५

झालं! पहाटे दोन ते साडेचार. मी मुद्दाम गावी गेलो होतो. रात्रभर पाऊस, दीडला लाइट गेली ती साडेपाचला आली. इन्व्हर्टरवर बॉक्सचा बारीक दिवा तेवढा दिसत होता. मी जागा होतो, बाबा झोपले होते. निदान डोळे मिटून पडले होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी मोठी सर आली आणि चार मिनिटं चित्र गेलं. बाकी सगळं आहे. सात वाजता बाबांनी अंघोळ करून पाट मांडला आणि पडवीतून शेजारच्या काकूंनाही हाक मारली. चार मिनिटांचा खंड आला तेव्हा काही बोलले नाहीत, हात जोडून तसेच बसून राहिले. चित्र परत आलं तेव्हा विठोबाला हार घातला जात होता. दुपारी जेवल्यावर म्हणाले, परत लाव.

फाइलची एक प्रत मी ठाण्याला आणली आहे, एक तिथे डिस्कवर आहे. फाइलला तारीख, वाहिनी, प्रसंग असं नाव दिलं. तो चार मिनिटांचा तुटका भाग काढता येतो का? तिथे आल्यावर व्हीएलसी थोडं अडखळतं.

अनुस्कुरा | ७ जुलै, रात्री ९.२०

अभिनंदन! एफएफएमपेग या प्रोग्रामने टीएस फाइल पुन्हा न दाबता नुसती कापून जोडता येते, दर्जा तोच राहतो. कमांड तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. पण मूळ फाइल पुसू नका. कापलेली वेगळी ठेवा.

शेवंती | १२ जुलै, सकाळी ११.३५

६४ पैकी ५१ बघून झाल्या. भजनाच्या सात निघाल्या, त्यांतली तीन मंडळं स्त्रियांची. एकीत सूत्रसंचालिकेने रत्नागिरी जिल्हा म्हटलं आहे, पण सुरुवात कापली गेली आहे, मंडळाचं नाव ऐकू येत नाही. दुसऱ्या रांगेत टाळ घेतलेल्या चौघी आहेत. एकटीने म्हणणाऱ्या बाई डावीकडून दुसऱ्या, चष्मा आहे. त्याच की नाही, मी कसं सांगणार? आत्यांनी त्या दिवशी कोणती साडी नेसली होती ते घरात कोणाला आठवतं का? असेल तर आईंना घेऊन नाशिकला या. इथेच बसून बघू.

कातळकडा | १२ जुलै, दुपारी १२.०५

आईला फोन लागत नव्हता, शेजारच्या मुलाला सड्यावर पाठवून निरोप दिला. आत्ता तिचा फोन आला. म्हणाली, सगळ्यांच्या सारख्या, मोतिया रंगाच्या, जांभळ्या काठाच्या. आणि आत्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.